एचआयव्हीवर औषध घेतलं नाही तर मेंदूत काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोठ्या भावाला सहा वर्षांपूर्वी एचआयव्हीचं निदान झालं. आता वय ४१. गोळ्या सुरू केल्या, वर्षाच्या आत सोडल्या, आणि 'मला काही होत नाही' म्हणून पुन्हा तपासणीला गेले नाहीत. गेल्या सात-आठ महिन्यांत ते फार हळू झालेत. बोलता बोलता थांबतात, कुणात मिसळत नाहीत, हातातून वस्तू पडतात, जिना उतरताना कठडा धरतात. घरात कुणी म्हणतं ताण आहे, कुणी म्हणतं नैराश्य आहे. हा एचआयव्ही डोक्यात गेलाय का? आता गोळ्या सुरू केल्या तर माणूस पूर्ववत होईल का? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: गेले दहा दिवस डोकंही दुखतंय.

मी शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त तेच खटकलं. बाकीचा त्रास महिन्यांच्या हिशेबाचा आहे, डोकेदुखी दिवसांच्या हिशेबाची. म्हणून पुढचं वाचायच्या आधी एवढं ठरवा. भावांना उद्याच अशा रुग्णालयात न्या, जिथे मेंदूचा स्कॅन होतो आणि पाठीतलं पाणी काढून तपासायची सोय आहे. ताप, उलट्या, धूसर किंवा दोन-दोन दिसणं, फिट, गुंगी, यांतलं एक जरी असेल तर उद्याचीही वाट बघू नका. आणि घरात जुन्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या उरल्या असतील तर त्या आपल्या मनाने सुरू करू नका. हे ऐकून पुष्कळ जण चक्रावतात. कारण पुढे सांगतो.

आता मूळ प्रश्न. विषाणू डोक्यात गेलाय का, असं विचारलंत. तो तिथे किमान सहा वर्षांपासून असणार. एचआयव्ही मेंदूपर्यंत पोचायला वर्षं घेत नाही, लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच पोचतो. अगदी ताजी लागण झालेल्या लोकांच्या एका अभ्यासात, लागणीनंतर अंदाजे आठव्या दिवशीच मेंदूभोवतीच्या पाण्यात विषाणू सापडला होता. काहींना त्या वेळी ताप येतो, डोकं ठणकतं, मान आखडते, एखाद्याचा चेहरा एका बाजूला वाकडा होतो. थोड्या दिवसांत ते ओसरतं आणि 'व्हायरल होतं' म्हणून विसरलं जातं. बहुतेकांना तेवढंही होत नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं वरवर शांतता असते.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर शरीरात इतरत्र असतं त्यापेक्षा फार घट्ट विणलेलं असतं, रक्तातली ऐरीगैरी गोष्ट आत जात नाही. पण शरीराच्या स्वतःच्या गस्ती पेशींना ये-जा करायची मुभा असते. एचआयव्ही नेमक्या याच पेशींना पकडतो. म्हणजे गस्तवाल्याच्या खिशात बसून तो आत शिरतो. आत गेल्यावर त्याचा मुक्काम पडतो तो रक्तवाहिन्यांलगतच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींत आणि मायक्रोग्लियात. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूचे पहारेकरीही आणि झाडूवालेही. त्या वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे तिथे बसलेला विषाणू सहजासहजी निघत नाही.

पुढची गोष्ट मी प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना सांगतो, कारण 'पूर्ववत होईल का' याचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. आपण ज्या पेशींनी विचार करतो, आठवतो, हात हलवतो, त्या चेतापेशींना एचआयव्ही प्रत्यक्ष लागत नाही. त्यांच्यावर त्याला आत शिरायला दार नाही. त्या पोळतात शेजारच्या आगीने. लागण झालेल्या मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज सतत दाह निर्माण करणारी रसायनं सोडत राहतात. विषाणूची जीपी-१२० आणि टॅट ही प्रथिनं स्वतःही विषारी असतात. ग्लुटामेट नावाचा एरवी कामाचा निरोप्या इतका साचतो की चेतापेशी उत्तेजित होऊन होऊन थकते. आधी तिच्या बारीक फांद्या झडतात, शेजारच्या पेशींशी असलेले सांधे सुटतात. पेशी पूर्ण मरते ती पुष्कळ नंतर. झडलेली फांदी पुन्हा फुटू शकते, वठलेलं झाड फुटत नाही. औषध कधी सुरू झालं याला म्हणूनच एवढं महत्त्व.

ही आग सगळ्या मेंदूला सारखी लागत नाही. तिचा रोख मेंदूच्या आतल्या भागावर असतो: हालचालीला वेग आणि सफाई देणारे चेतापेशींचे पुंजके, आणि कपाळामागच्या भागाशी त्यांना जोडणारं पांढरं तंतूंचं जाळं. म्हणून या आजारातला विसराळूपणा म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशापेक्षा वेगळा दिसतो. तिथे माणूस नातवाचं नाव विसरतो, ओळखीच्या रस्त्यावर हरवतो, शब्द सापडत नाहीत. इथे नाव माहीत असतं, रस्ता माहीत असतो, ओळखताही येतो, पण सगळं उशिरा येतं.

माझ्याकडे एक हिशेबनीस आले होते. तक्रार त्यांची नव्हती, पत्नीची होती. मी त्यांना कागदावर बारा आकडी रकमांची एक उभी बेरीज दिली आणि दुसरा रुग्ण बघायला गेलो. परत आलो तेव्हा ते अजून तिसऱ्या रांगेवर होते, पेन कागदाला टेकलेलं, नजर कागदावर, कुठलीही घालमेल नाही. बेरीज पूर्ण व्हायला पाऊण तास लागला. उत्तर बरोबर होतं. पै-पैशाने बरोबर. ज्या कामावर त्यांनी पंधरा वर्षं पोट भरलं, ते काम त्यांना येत होतं, फक्त ते वेळेत येत नव्हतं. आणि त्या पाऊण तासाबद्दल त्यांना स्वतःला काही वाटलंही नाही. घरचे 'आळशी झाला, बेफिकीर झाला' म्हणतात, ती हीच अवस्था. इच्छाशक्ती ज्या तारांवरून धावते, त्या तारांनाच इजा झालेली असते. मनाचा दोष शोधू नका.

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी, म्हणजे मंदावलेली विचारशक्ती, बेंगरूळ झालेले हातपाय आणि माणसांतून उठून गेलेलं मन, ही तिकडी १९८६ मध्येच वैद्यकीय नियतकालिकांत नीट वर्णन केली गेली. एचआयव्हीचा शोध १९८३ चा, म्हणजे तीनच वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की हा आजार डोक्यालाही धरतो. तेव्हा परिणामकारक औषध नव्हतं. एड्सच्या टप्प्याला गेलेल्यांपैकी साधारण १५ ते २० टक्के लोकांना पुढे उघड स्मृतिभ्रंश होई, आणि तो झाल्यावर बहुतेक जण जेमतेम सहा महिने काढत. १९९६ पासून तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि हे चित्र पालटलं. उपचार घेणाऱ्यांत आज तसा जड स्मृतिभ्रंश सुमारे २ टक्क्यांवर आलाय. ज्यांनी त्या आधीचे वॉर्ड पाहिलेत त्यांना हा आकडा वाचताना काय वाटतं, ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

२००७ पासून या त्रासाच्या तीन पायऱ्या मानतात: फक्त चाचणीत दिसणारी घट, रोजच्या कामात थोडी अडचण, आणि स्मृतिभ्रंश. पहिल्या पायरीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. चाचणीत दोन गुण कमी पडले म्हणून धडधाकट माणसाच्या कपाळावर 'मेंदूचा आजार' असा शिक्का मारण्यात मला अर्थ वाटत नाही. कमी शिक्षण, अपुरी झोप, परकी भाषा, यांनीही गुण कमी येतात. तुमच्या भावांचा प्रश्न मात्र चाचणीतल्या गुणांचा राहिलेला नाही. कठडा धरायला लागणं ही गोष्ट रोजच्या आयुष्यातली आहे.

तपासताना आम्ही काय करतो, ते सांगतो. २००५ मध्ये तयार झालेली एक छोटी चाचणी आहे, तिला कागद-पेन्सिलही लागत नाही. आधी चार शब्द सांगून ठेवायचे. मग ज्या हाताने माणूस लिहीत नाही, त्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पूर्ण उघडून एकमेकांना जितक्या भरभर लावता येतील तितक्या लावायच्या, पाच सेकंद. पंधरा वेळा जमलं तर पूर्ण गुण. नंतर टेबलावर आधी मूठ, मग पालथा तळवा, मग करंगळीच्या बाजूने उभा हात, असा क्रम दहा सेकंदांत चार वेळा. शेवटी ते चार शब्द विचारायचे. एकूण गुण १२, दहा किंवा कमी आले तर पुढे सविस्तर तपासायचं. मूठ-तळवा-उभा हात हे बघण्यासारखं असतं. क्रम माणसाला पाठ असतो, तोंडाने तो बरोबर सांगतोही, पण हात मुठीवरच अडकतो किंवा दोनदा तळवाच टेकवतो. म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशासाठी वापरली जाणारी नेहमीची प्रश्नावली इथे फसवते. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे सगळं यांना बरोबर सांगता येतं आणि 'नॉर्मल' असा शेरा मिळतो. तुम्ही ही चाचणी घरी करून बघाल हे मला ठाऊक आहे. करा, पण गुण चांगले आले म्हणून उद्याचं जाणं रद्द करू नका.

नैराश्याबद्दल घरात जे बोललं जातं तेही अगदीच चूक नाही. निदानाचा धक्का, लपवाछपवी, कमाईची चिंता, यांनी खरंखुरं नैराश्य येतं, आणि एचआयव्ही असलेल्यांत ते नसलेल्यांपेक्षा जास्त आढळतं. दोन्ही एकाच वेळीही असू शकतात. ढोबळ फरक एवढाच की नैराश्यातला माणूस बहुधा स्वतःच सांगतो, 'मला काही आठवत नाही, मी संपलो'. मेंदू पोळलेला माणूस तक्रार करत नाही, तक्रार घरचे करतात. वर्षभर मानसोपचाराच्या गोळ्या खाऊन मग माझ्याकडे आलेले तरुण मी पाहिलेत, ज्यांची एचआयव्हीची तपासणीच कुणी केली नव्हती. पन्नाशीच्या आतला माणूस काही महिन्यांत मंद झाला तर ती तपासणी व्हायलाच हवी, तो कितीही 'चांगल्या घरातला' असो. हे शब्द मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेत, म्हणून लिहितो.

आता त्या दहा दिवसांकडे येतो.

विषाणू स्वतः मेंदूला जे करतो ते हळूहळू, महिन्यामहिन्याने. पण औषधाविना तो दुसरीकडे सीडी-४ नावाच्या, प्रतिकारशक्ती चालवणाऱ्या रक्तातल्या पेशी खात असतो. निरोगी माणसात दर घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या पाचशेच्या वर असते. ती २०० च्या खाली गेली की एरवी दाराबाहेर उभे असलेले पाहुणे, म्हणजे दुसरे आजार, आत यायला लागतात, आणि १०० च्या खाली गेली की मेंदूतही. यांचा वेग वेगळा असतो. माझा पहिला प्रश्न म्हणूनच नेहमी एकच असतो: किती दिवसांत? महिन्यांत झालं तर संशय विषाणूवर, दिवसां-आठवड्यांत झालं तर दुसऱ्या कुणावर. आणि महिन्यांच्या त्रासावर अचानक दिवसांचा त्रास चढला, तर दोघंही आहेत असं धरून चालायचं. तुमच्या भावांच्या बाबतीत मी तसंच धरीन.

डोकेदुखीमागे सगळ्यात आधी मला शोधायचा असतो तो क्रिप्टोकॉकस. ही एक बुरशी आहे. श्वासातून फुप्फुसात जाते, आणि प्रतिकारशक्ती ढासळली की मेंदूच्या आवरणात उतरते. तिची लबाडी अशी की सुरुवातीला मान आखडत नाही, ताप बेताचा असतो, स्कॅनही पुष्कळदा साफ येतो. दुखणारं डोकं तेवढं असतं, आठवडा, दोन आठवडे. मग एके दिवशी माणूस गुंगतो. निदान पाठीतल्या पाण्यातून होतं, आणि या तपासणीला लोक फार घाबरतात म्हणून नीट सांगतो. माणसाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपलेला असतो त्याच्याही खाली, जागा बधिर करून बारीक सुई घालतात. सुईला एक उभी काचेची नळी जोडली की पाणी तिच्यात चढायला लागतं. निरोगी माणसात ते वीस सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याखालीच थांबतं. या आजारात मी ते पंचवीस, तीस, चाळीस ओलांडून नळीच्या तोंडातून ओघळताना पाहिलंय. म्हणजे कवटीच्या आत एवढा दाब. पाणी हळूहळू सोडलं की कित्येक रुग्ण सुई आत असतानाच म्हणतात, 'डॉक्टर, डोकं उतरलं.' दाब पुन्हा चढतो, तेव्हा हे रोज, कधी दिवसाआड करावं लागतं. औषधाइतकाच जीव या पाणी काढण्याने वाचतो, आणि घाबरून नातेवाईक दुसऱ्यांदा नको म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो' हा समज खोटा आहे. पाण्याचा थेंब काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काळ्या आभाळात वलय असलेले चंद्र दिसावेत तशा बुरशीच्या पेशी दिसतात. हल्ली त्याहून खात्रीची पट्टी आहे, क्रिप्टोकॉकल अँटीजेनची, म्हणजे बुरशीचा अंश ओळखणारी. दहा मिनिटांत निकाल मिळतो, आणि रक्तावरही चालते. लक्षणं दिसायच्या काही आठवडे आधीच ती रक्तात सापडू शकते, म्हणून सीडी-४ शंभरच्या खाली असलेल्या प्रत्येकाची ती करावी. डोकं दुखत असो वा नसो.

एआरटी आपल्या मनाने सुरू करू नका, असं का म्हटलं त्याचं कारण इथे आहे, आणि ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणाला मी पहिल्याच भेटीत एआरटी लिहून दिली. सीडी-४ तिशीत, तक्रार 'थोडं डोकं जड' एवढीच. उशीर नको, असं मला वाटलं. तिसऱ्या आठवड्यात त्याला स्ट्रेचरवरून आणलं, दृष्टी जवळजवळ गेलेली. बुरशी आधीपासूनच आत होती. गोळ्यांनी प्रतिकारशक्ती जागी झाली, तिने बुरशीवर हल्ला चढवला, आणि त्या धुमश्चक्रीत मेंदू सुजला. तो वाचला, पण एका डोळ्याची नजर परत आली नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हेच आकड्यांत दिसलं. क्रिप्टोकॉकसच्या रुग्णांना एक-दोन आठवड्यांत एआरटी सुरू केली तेव्हा सहा महिन्यांत ४५ टक्के दगावले. पाच आठवड्यांच्या आसपास थांबून सुरू केली तेव्हा ३० टक्के. म्हणून आता आधी बुरशीचं औषध आणि चार ते सहा आठवड्यांनी एआरटी, असा क्रम आहे. टीबीच्या मेनिंजायटिसमध्येही, म्हणजे टीबीने मेंदूचं आवरण सुजतं तेव्हाही, साधारण तसंच थांबतात. मेंदूत काही शिरलेलं नसेल तर मात्र उलट: एआरटी जितक्या लवकर तितकी बरी, शक्य तर त्याच दिवशी.

बाकीचे पाहुणे भराभर सांगतो. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मेंदूत गळवासारख्या गाठी करतो. फिट येते, एक हात-पाय लुळा पडतो, स्कॅनमध्ये कडेने चमकणारी वर्तुळं दिसतात. हा त्यातल्या त्यात भला, कारण योग्य औषधावर दोन आठवड्यांत बहुतेक जण स्पष्ट सुधारतात. इतके हमखास की न सुधारणं हाच आम्ही दुसरं काही असल्याचा पुरावा मानतो. टीबी सीडी-४ कितीही असताना होऊ शकतो, आठवड्यांच्या वेगाने चढतो, आणि त्याचा उपचार नऊ महिने ते वर्षभर चालतो. जेसी नावाचा विषाणू मेंदूतलं पांढरं आवरण कुरतडतो. त्यावर थेट औषध नाही, एआरटीने प्रतिकारशक्ती परत आणणं हाच इलाज, आणि तो करूनही निम्म्याच्या आसपासच वाचतात. सीडी-४ पन्नासच्या खाली गेल्यावर मेंदूतला लिम्फोमा हा कर्करोग होऊ शकतो. तो स्टेरॉइडने तात्पुरता आकसतो आणि निदान चुकवतो, म्हणून कुणी घाईने स्टेरॉइड देत असेल तर कारण विचारा. सिफिलिसही मेंदूला धरतो, आणि पेनिसिलिनने बरा होतो. तेवढी एक रक्ततपासणी राहून जाऊ देऊ नका.

रुग्णालयात साधारण असं होईल: सीडी-४, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण), क्रिप्टोकॉकल अँटीजेन, सिफिलिस, बी-१२, थायरॉइड, साखर-मीठ-मूत्रपिंडाच्या तपासण्या, मेंदूचा स्कॅन, शक्यतो एमआरआय, आणि मग पाठीतलं पाणी. विषाणूने स्वतः केलेली इजा एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली पुसट पांढरट छटा आणि एकूण थोडा आकसलेला मेंदू, अशी दिसते. तिला स्वतःची खूण अशी नाही. बाकी सगळं नाही असं ठरल्यावरच आम्ही तिचं नाव घेतो.

सगळं साफ निघालं आणि एआरटी सुरू झाली, तर काय अपेक्षा ठेवावी? वर्ष-सहा महिन्यांत बऱ्यापैकी सुधारणा होते. मनाचा मोकळेपणा बहुधा आधी येतो, चालणं त्यानंतर, वेग सगळ्यात शेवटी. हिशेबनीस आठ महिन्यांनी कामावर गेले. पूर्वी एकट्याने बघायचे त्याच्या निम्मं काम घेऊन, आणि रोज दुपारी थोडी विश्रांती घेऊन. त्याहून पुढे ते गेले नाहीत. सीडी-४ एकदा किती खाली घसरला होता, याची छाप मेंदूवर बरीचशी राहते, नंतर आकडा कितीही वर आला तरी. म्हणून 'पूर्ववत' हा शब्द मी वापरत नाही. 'ओळखीचा माणूस परत येईल' एवढं बहुतेक वेळा सांगता येतं.

कुठल्या गोळ्या, हे तिथले डॉक्टर ठरवतील. आधी वर्षभर घेऊन सोडल्यामुळे औषधाला दाद न देणारा विषाणू तयार झाला आहे का, हे त्यांना बघावं लागेल. इफाव्हिरेन्झने विचित्र, जिवंत स्वप्नं पडतात आणि गरगरतं. डोल्युटेग्राव्हिरने काहींची झोप उडते, ती गोळी सकाळी घेतली की बहुधा भागतं. या कारणाने गोळ्या सोडायच्या नाहीत, बदलून मागायच्या. आणखी एक क्वचितची गोष्ट लक्षात असू द्या. रक्तातला विषाणू दबलेला असूनही मेंदूच्या पाण्यात तो वाढत राहतो, असं काहींत होतं. पुढे वर्षा-दोन वर्षांनी रिपोर्ट उत्तम असताना भाऊ पुन्हा मंदावले, तर 'रिपोर्ट चांगला आहे' या उत्तरावर समाधान मानू नका.

पाय अडखळण्याचं मूळ दर वेळी मेंदूतच असतं असं नाही. औषधाविना मज्जारज्जूही झिजतो, तेव्हा पाय ताठरतात आणि लघवीवरचा ताबा सैल होतो. तळपायाच्या नसा पोळल्या की जमिनीवर पाऊल ठेवताना आग होते, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. हे दोन्ही त्यांना मुद्दाम विचारा, पुरुष आपणहून सांगत नाहीत.

भावांच्या पत्नीची तपासणी झाली आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. झाली नसेल तर याच फेरीत करून घ्या, आणि लहान मूल असेल तर त्याचीही. बाळांचा मेंदू वाढत्या वयात सापडतो, तिथे आग फार भरकन पसरते. बसायला लागलेलं मूल बसेनासं होतं, डोकं वयाच्या मानाने लहान राहतं. उपचार न मिळालेल्या लागण झालेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्मी दोन वर्षांची व्हायच्या आत जातात. २००८ च्या एका अभ्यासात बाळांना लक्षणांची वाट न बघता पहिल्या काही आठवड्यांतच औषध सुरू केल्यावर मृत्यू तीन-चतुर्थांशांनी कमी झाले होते.

आणि गोळ्या सोडल्याबद्दल त्यांच्याशी भांडू नका. पहिल्यांदा का सोडल्या ते वेगळं, पण आता लक्षात ठेवण्याचं यंत्रच बिघडलेलं आहे. गोळी विसरली की विषाणू वाढतो, विषाणू वाढला की आणखी विसरायला होतं. पहिले सहा महिने गोळी घरातल्या एका ठरलेल्या माणसाने, ठरलेल्या वेळी, हातावर ठेवायची आणि गिळलेली बघायची. वारांचे कप्पे असलेली डबी ठेवा. वाहन चालवणं, गॅस, पैशाचे व्यवहार तूर्त दुसऱ्याकडे द्या. बोलताना एका वेळी एकच गोष्ट विचारा आणि उत्तराला वेळ द्या. ते थांबले की आपण वाक्य पूर्ण करायचं नाही.

उद्या जाताना जुनी फाइल, सहा वर्षांपूर्वीचा सीडी-४ चा कागद, आणि कुठल्या गोळ्या घेत होते त्याची रिकामी बाटली असली तरी ती सोबत घ्या. डोकेदुखी कुठल्या तारखेला सुरू झाली ते आठवून एका कागदावर लिहून ठेवा. आत गेल्यावर पहिल्यांदा तेच विचारतील, आणि भावांना ते सांगता येणार नाही.